आमदाराची फाइल पुण्यात असते

दर वर्षी ३० जुलैच्या आसपास सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचे, म्हणजे आबासाहेबांचे, फोटो फिरायला लागतात. एसटीनं प्रवास करणारा आमदार, अकरा वेळा निवडून आलेला आमदार, साधा माणूस. आबासाहेब २०२१ मध्ये त्याच दिवशी गेले आणि तेव्हापासून त्यांच्याबद्दल एवढंच सांगितलं जातं. साधेपणा खरा होता, त्यात वाद नाही. पण नुसत्या साधेपणावर अर्धशतक कुणी निवडून येत नाही, आणि साधेपणानं कालव्याच्या शेवटच्या गावाला पाणी पोचत नाही. दुष्काळी तालुक्यातल्या आमदाराचं काम नेमकं काय असतं आणि ते कुठं चालतं, हे पुण्यात राहणाऱ्यांनी तरी समजून घ्यावं, कारण त्यातलं बरंचसं इथंच, आपल्या रोजच्या रस्त्यावरच्या कार्यालयांत चालतं.

आधी हिशेब सरळ मांडतो. गणपतराव शेतकरी कामगार पक्षातर्फे (शेकाप) सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून पहिल्यांदा १९६२ ला निवडून आले. १९६७ ला पुन्हा. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पुन्हा पराभव, शहाजीबापू पाटलांकडून. त्यानंतर १९९९, २००४, २००९, २०१४. २०१९ ला ते स्वतः उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख लढले आणि ७६८ मतांनी हरले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी जागा परत घेतली. म्हणजे अकरा विजयांच्या मध्ये दोन पराभव आहेत आणि दोन्ही वेळा मतदारसंघ न बदलता, पक्ष न बदलता माणूस परत आला आहे. मला या कारकिर्दीत सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. मंत्रिपद दोनदाच वाट्याला आलं, १९७८ आणि १९९९ च्या सरकारांत. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. (केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी १९४७ मध्ये काढलेला हा पक्ष. स्वारगेटच्या चौकाला जेध्यांचंच नाव आहे. जेधे पुढं काँग्रेसमध्ये परतले, सांगोला शेकापमध्येच राहिला.)

विरोधी बाकावरून तालुक्यात पाणी कसं आणायचं, हा खरा प्रश्न आहे.

सोलापूर जिल्हा पुणे महसूल विभागात येतो. त्यामुळं विभागीय आयुक्त पुण्यात. महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ मंगळवार पेठेतल्या सिंचन भवनात. साखर आयुक्त शिवाजीनगरच्या साखर संकुलात. सहकार आयुक्त, कृषी आयुक्त, जमाबंदी आयुक्त, भूजल सर्वेक्षण, सगळे पुण्यातच. विधानसभेत मंत्री उत्तर देतात ते खालून आलेल्या टिपणीवर, आणि ती टिपणी बहुतेक वेळा या कार्यालयांतून वर गेलेली असते. टिपणी तयार होते त्या टेबलापर्यंत जो आमदार पोचत नाही, त्याला सभागृहात फक्त आवाज चढवता येतो.

टेंभू योजनेचं उदाहरण घ्या. कराडजवळ टेंभूला कृष्णेतून पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं वर चढवत कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी, कवठेमहांकाळ करत सांगोल्यापर्यंत न्यायचं. मूळ आराखडा २२ टीएमसीचा (अब्ज घनफूट), लाभक्षेत्र ८०,४७२ हेक्टर. १९९६ ला प्रशासकीय मान्यता मिळाली आणि कृष्णा खोरे महामंडळाची स्थापनाही त्याच वर्षीची. ही घाई कशामुळं होती? कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिले होते आणि ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. तोवर जास्तीत जास्त पाणी अडवून, वापरात आणून दाखवायचं होतं. महामंडळानं रोखे काढले, एकाच वेळी डझनावारी कामं उघडली. आणि मग पैसा आटला. विदर्भ-मराठवाड्याच्या सिंचन अनुशेषामुळं राज्यपालांचे निर्देश आले, कृष्णा खोऱ्याला मिळणाऱ्या निधीवर मर्यादा आली. अनुशेषाची मागणी चुकीची नव्हती, पण तिचा फटका कृष्णा खोऱ्यातल्याच दुष्काळी टोकाला बसला. धरणाखालचे बागायती तालुके तोवर भिजून झालेले होते.

पाटबंधारे खात्यात ज्याला त्याला 'प्रमा' आणि 'सुप्रमा' हे शब्द तोंडपाठ असतात. प्रशासकीय मान्यता आणि सुधारित प्रशासकीय मान्यता. काम रखडलं की दरसूची बदलते, भूसंपादनाचा दर वाढतो, मूळ मान्यतेची रक्कम संपते. ती संपली की नवीन निविदा काढता येत नाही, ठेकेदाराचं बिल अडतं, काम थांबतं. मग सुप्रमा. कार्यकारी अभियंत्याकडून अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता, महामंडळ, तांत्रिक सल्लागार समिती, वित्त आणि नियोजन विभाग, शेवटी मंत्रिमंडळ. यात प्रत्येक ठिकाणी त्रुटी काढून प्रस्ताव खाली परत येऊ शकतो, आणि येतोच. नकाशा जोडला नाही, लाभव्यय गुणोत्तर जुन्या पीकरचनेवर काढलंय, वन विभागाचं पत्र नाही. एका त्रुटीत सहज वर्ष जातं. प्रस्ताव आत्ता कुठल्या टेबलावर आहे आणि कुठल्या कागदासाठी थांबलाय, हे आमदाराला नेमकं माहीत असणं म्हणजे त्याची निम्मी कारकीर्द. टेंभूच्या मान्यतेनंतर माणदेशात, म्हणजे माण नदीकाठच्या दुष्काळी पट्ट्यात, पाणी यायला दशकाहून जास्त काळ गेला. एवढ्या काळात सरकारं बदलतात, मंत्री बदलतात, अभियंते तर तीन वर्षांत बदलतात. फाइल कुठून निघाली हे लक्षात ठेवणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे टिकलेला आमदार. म्हणून मला अकरा या आकड्याची किंमत वाटते. विक्रम म्हणून तो आकडा कुणी कितीही मिरवो.

एकट्या आमदारानंही हे होत नाही, हेही तितकंच खरं. १९९३ पासून आटपाडीत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं पाणी परिषदा सुरू झाल्या. तेरा दुष्काळी तालुक्यांची मागणी एकत्र मांडली गेली, समन्यायी पाणीवाटपाची. आबासाहेब त्या चळवळीचा भाग होते. सभागृहातला प्रश्न आणि बाहेरची परिषद दोन्ही एकाच मागणीवर ठाम राहिले, तेव्हा कुठं कागद हलला.

सभागृहातल्या आयुधांचंही नीट पाहा. तारांकित प्रश्न महिनाभर आधी द्यावा लागतो. छापील उत्तरं ठरलेली असतात: 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही', 'प्रश्न उद्भवत नाही'. 'योजनेला विलंब झाला हे खरे आहे काय' असा मोघम प्रश्न विचारला की 'अंशतः खरे आहे' येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंतचं काम, निविदा कोणत्या तारखेची, भूसंपादनाचे किती प्रस्ताव प्रांताकडे, असं विचारलं की खात्याला आकडा लिहून द्यावा लागतो. एकदा आकडा छापला गेला की पुढच्या अधिवेशनात तोच समोर धरता येतो. नियम १०५ ची लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, २९३ ची चर्चा, पुरवणी मागण्यांवरचं भाषण, आणि मंत्र्यांनी शब्द दिला असेल तर आश्वासन समिती. हे सगळं क्रमानं वापरणारे आमदार मोजकेच. टीव्हीवर दिसतो तो पायऱ्यांवरचा फलक. त्यानं फाइल हलत नाही.

आता पाणी आलं असं समजू. पुढं काय बिघडतं ते बघा, कारण आमदाराची परीक्षा तिथं जास्त होते.

टेंभूचं पाणी माण नदीत सोडतात आणि नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे भरून घेतात. बंधाऱ्याच्या गाळ्यांत पावसाळा संपता संपता बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवावे लागतात. जुन्या पद्धतीत बरग्यांच्या दोन रांगा आणि मध्ये ठासलेली माती, नव्यात लोखंडी बरगे आणि रबरी सील. बरगे चोरीला गेले, गंजले, सील फाटलं, किंवा बसवण्याच्या कामाची निविदाच वेळेत निघाली नाही, तर कोट्यवधींची वीज जाळून चार टप्पे चढवलेलं पाणी गाळ्यातून सरळ खाली निघून जातं. बरग्यांची संख्या, त्यांची दुरुस्ती, निविदेची तारीख ही ऑगस्टमध्ये विचारायची गोष्ट आहे. नोव्हेंबरमध्ये आंदोलन करून उपयोग नसतो.

मग वीजबिल. उपसा योजनेत पंप बंद पडला की पुढचे सगळे टप्पे कोरडे. बिल थकलं की वीज तुटते, आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) मध्येच थांबतं, उभं पीक जातं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांसाठी वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकारनं आणि १९ टक्के लाभधारकांनी उचलायचा, असं सूत्र नंतर ठरलं. ते १९ टक्केसुद्धा वसूल व्हायला हवेत, आणि ऊस नसलेल्या गावात कारखान्याच्या बिलातून कपात करता येत नाही. डाळिंबाच्या शेतकऱ्याकडून पाणीपट्टी कशी घ्यायची याचं उत्तर पाणीवापर संस्थेशिवाय दुसरं नाही. मतं जातील या भीतीनं पाणीपट्टीचा विषयच न काढणारा आमदार आपल्याच तालुक्याचं पाणी बंद पाडतो. हे मी अगदी विचार करून लिहितो आहे.

तिसरी गोष्ट नीरेची. भोर तालुक्यातली भाटघर आणि नीरा देवघर ही धरणं, खाली वीर धरण. तिथून निघणारा नीरा उजवा कालवा फलटण, माळशिरस, पंढरपूर करत सांगोल्याला शेवटी पोचतो. शेवटी म्हणजे टेलला. पाणी वाटायचं ठरतं कालवा सल्लागार समितीत, आणि नीरेची ही बैठक बऱ्याचदा पुण्यातच होते. तिथं टेलच्या आमदाराकडं नमुना सातचे पाणी मागणी अर्ज किती आणि क्षेत्र किती, याचा कागद हवा. शेतकऱ्यांनी अर्जच भरले नसतील तर अधिकारी 'मागणी नाही' लिहून मोकळे होतात आणि आवर्तनाचे दिवस कमी होतात. अर्ज भरून घेणं हे कार्यकर्त्यांचं काम. ज्या पक्षाची गावपातळीवर शाखा जिवंत आहे त्यालाच ते जमतं.

या सगळ्यासमोर आमदार निधी बघा. वर्षाला पाच कोटी. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, स्मशानभूमीचं शेड. ही कामं लागतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण उपसा योजनेच्या एका टप्प्यापुढं ही रक्कम काहीच नाही. आमदाराचा दिवस मात्र यातच जातो, आणि उरलेला शिफारसपत्रांत. ससूनला पेशंट आणलाय, धर्मादाय रुग्णालयात खाट हवी, फोन करा. खरं तर धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. त्यासाठी रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आमदाराच्या पत्राची कायद्यात अट नाही. आपण पुण्यात राहणाऱ्यांनी गावाकडच्या पेशंटला ही कागदपत्रं घेऊनच यायला सांगितलं, तर आमदाराच्या कार्यालयाचे कितीतरी तास वाचतील.

हडपसर, चिंचवड, नऱ्हे, वारज्यात राहणारे आणि मतदानाला गावी जाणारे आपण हजारोंनी आहोत. गावाकडं फ्लेक्स लागतो, 'अमुक कोटींचा निधी खेचून आणला'. तो वाचून शेअर करण्याआधी शासनाच्या संकेतस्थळावर तो शासन निर्णय काढा. त्यात चार गोष्टी पाहा. ही प्रमा आहे की सुप्रमा. लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून येणार ते, दिलंय का. चालू वर्षाची तरतूद किती, की नुसतीच लाक्षणिक. आणि अटींमध्ये 'भूसंपादन पूर्ण झाल्यावरच निविदा' अशी ओळ आहे का. ती ओळ असेल तर काम सुरू व्हायला अजून बराच अवकाश आहे. कृष्णा खोऱ्यातली योजना असेल तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज थेट सिंचन भवनात द्या: प्रस्ताव कुठल्या कार्यालयात प्रलंबित आहे, कुठल्या तारखेपासून, शेवटची त्रुटी कोणती आणि लोकप्रतिनिधींनी त्याबाबत दिलेल्या पत्रांच्या प्रती. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पत्रांच्या प्रती आवर्जून मागा, आणि त्यांवरच्या तारखा अधिवेशनातल्या प्रश्नांच्या तारखांशेजारी ठेवून बघा.