तुघलकाने अख्खी दिल्ली दौलताबादला हलवली?

सरकारने एखादा उफराटा निर्णय घेतला की मोबाइलवर हा मजकूर हमखास फिरू लागतो: मुहम्मद तुघलकाला वेडाचा झटका आला, त्याने अख्खी दिल्ली उठवून दौलताबादला धाडली, मागे कुत्रं-मांजरही ठेवलं नाही, एका आंधळ्याला फरफटत नेलं तर पोहोचला फक्त त्याचा पाय, शिवाय चामड्याची नाणी पाडली, आणि शेवटी सगळ्यांना परत हाकललं. यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून तर ते खपतं.

आधी झटक्याचं बघू. देवगिरीवर, म्हणजे पुढच्या दौलताबादवर, दिल्लीची पहिली स्वारी 1296 मधली, अलाउद्दीन खिलजीची. किल्ल्यात आजही उभी असलेली मोठी मशीद 1318 मधली, म्हणजे तुघलक गादीवर बसण्याच्या सात वर्षं आधीची. 1323 मध्ये त्याने स्वतः शहजादा असताना वरंगळ घेतलं. राज्य असं दक्षिणेत पसरलेलं, आणि दिल्ली-दौलताबाद वाट, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता सांगतो त्याप्रमाणे, चाळीस दिवसांची. त्यात सख्खा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प दक्षिणेतच बंड करून उठला. अशा वेळी 1327 च्या सुमारास दक्षिणेत राजधानी करावीशी वाटली, यात वेडेपणा कुठला?

आता ‘अख्खी दिल्ली’. दिल्लीजवळ सरबनला सापडलेला 1328 चा एक संस्कृत शिलालेख आहे. खेतल आणि पैतल या व्यापाऱ्यांनी विहीर बांधली, त्याचा. त्यात हरियाणा देशाला पृथ्वीवरचा स्वर्ग म्हटलंय आणि तिथल्या ढिल्लिका, म्हणजे दिल्ली, नगरीचं कौतुक केलंय. गाव ओस पडलं असतं तर ऐन त्याच काळात व्यापारी विहिरी कशाला खणत बसतील? दिल्लीची टांकसाळही चालूच होती. हलवले गेले ते मुख्यतः उमराव, उलेमा (धर्मपंडित), सूफी आणि त्यांचा गोतावळा. त्यांचे हाल मात्र खरे. त्या काळचा इतिहासकार इसामी, त्याचे नव्वदीतले आजोबा पहिल्याच मुक्कामात, तिलपतला वारले. नातवाच्या लिखाणात तो राग धगधगतो, आणि ते लिखाण त्याने 1350 मध्ये पूर्ण केलं ते बहमनी सुलतानाच्या पदरी, म्हणजे तुघलकाविरुद्ध बंड करून राज्य मिळवलेल्याच्या दरबारात. कुत्र्या-मांजराचं वाक्य दुसरा इतिहासकार बरनी याचं. तो तुघलकाचा दरबारी खरा, पण त्याने हे लिहिलं सुलतान गेल्यावर, म्हातारपणी, मर्जीतून उतरून हलाखीत दिवस काढताना.

आंधळ्याच्या पायाची गोष्ट इब्न बतूताची. हा गृहस्थ दिल्लीत आला 1334 मध्ये, स्थलांतरानंतर काही वर्षांनी. म्हणजे ती ऐकीव. तुघलक क्रूर नव्हता असं मी म्हणत नाही; त्याच इब्न बतूताने गुर्शास्पची जिवंतपणी कातडी सोलल्याचं लिहिलंय. पण कडक शिक्षा देणारा माणूस वेडाच असतो, हे कुठलं तर्कशास्त्र?

चामड्याच्या नाण्यांना तर काहीच आधार नाही. ती नाणी तांब्या-पितळेची, पण चांदीच्या नाण्याच्या मोलाने चालवायची, आणि संग्रहालयांत जाऊन बघता येतात. त्यांवर ‘जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो रहमानाची (अल्लाची) आज्ञा पाळतो’ अशा अर्थाचा अरबी मजकूर आहे. चीनमध्ये कागदी चलन आधीपासून चालत होतं, त्यामुळे कल्पना जगावेगळी नव्हती. फसली ती बनावट नाण्यांमुळे: घरोघरी टांकसाळी निघाल्या, आणि सरकारने ती नाणी खजिन्यातलं सोनं-चांदी देऊन परत घेतली. चूक इथे आहे, आणि ती मोठी आहे.

राहिला परतीचा प्रवास. परतायची मुभा मिळाली, पण सगळे परतले नाहीत. दिल्लीहून आलेले सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब 1337 मध्ये वारले, त्यांची कबर दौलताबादजवळ खुलदाबादला आहे. कवी अमीर हसन सिजझीची कबरही तिथेच. आणि दौलताबादेतल्या तुघलकाच्याच अमिरांनी 1347 मध्ये त्याच्याविरुद्ध उठून हसन गंगूला सुलतान केलं. बहमनी राज्याची सुरुवात ती.