सत्कर्मानं गोळी सुटत नसते

‘दुसऱ्याच्या उपयोगी पडा, दुखणं पळून जाईल. 21 दिवस रोज एक सत्कर्म करा, गोळीची गरजच राहणार नाही. दिव्यांगांना देवानं आपल्याला शिकवायला पाठवलंय.’ हा मेसेज नागपुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर फिरत होता, तोवर मी सोडून दिलं. परवा एका काकूंनी तो माझ्या मावसबहिणीला पाठवला. खाली स्वतःची भर: ‘बेटा, करून तं पाह्य.’

ही ताई सिकलसेल या रक्ताच्या आजाराची रुग्ण, त्यातही एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही तो दोष आलेली. खुब्याचं हाड गेलंय, कुबडीशिवाय चालता येत नाही.

आधी गोळीचं. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त पोचत नाही म्हणून कळा उठतात. ताईचं हाडही असंच गेलं. ताईच्या गोळीनं, हायड्रॉक्सीयुरियानं, या पेशींचं वाकणं कमी होतं. 1995 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 299 प्रौढ रुग्णांवरची चाचणी छापून आली. औषध घेणाऱ्यांना वर्षाला साधारण अडीच वेळा कळांचा झटका आला, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांना साडेचार वेळा. आपल्याला कोणती गोळी मिळतेय हे कोणालाच सांगितलेलं नव्हतं. म्हणजे आशा दोघांनाही सारखीच होती ना? मग हा फरक कशानं पडला, ते काकूंनी सांगावं. अशा माणसाला ‘गोळी सोड’ म्हणणं म्हणजे त्याला दवाखान्यात भरती करायची सोय करणं.

देवानं शिकवायला पाठवलं म्हणता, तर आधी इमारतीला रॅम्प बांधायला शिका.

उपयोगी पडलं की बरं वाटतं, एवढं मात्र मान्य करावं लागेल. ताई पडल्यापडल्या लोकांचे यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे, फॉर्म मोबाइलवर भरून देते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलही आहे, हे कित्येक आयांना ठाऊकच नसतं. लेकराचं नुकतंच निदान झालेल्या आईला फोन करून सांगते, ‘मे महिन्यात पाण्याच्या बाटलीशिवाय त्याला घराबाहेर सोडू नका.’ असा फोन झाला की तिचा आवाजच बदलतो. पण हे सगळं ती औषध घेऊन करते. कळ उठली की मोबाइल बंद. त्या दिवशी तिच्याकडून कसलंच सत्कर्म होत नाही, आणि कुणी मागूही नये.

काकूंना 21 दिवस काढायचेच असतील, तर त्यातला एक दिवस ताईच्या औषधाच्या रांगेत उभं राहावं. चिठ्ठी मी घरपोच आणून देतो.