देव ओ देतो म्हणून श्रद्धा संपत नाही

मराठीत फँटसी लिहू पाहणाऱ्यांमध्ये एक व्हॉट्सॲप संदेश बरेच दिवस फिरतोय. आमच्या गोव्यातल्या डिचोलीतल्या लिहित्या पोरांपैकी चौघांनी तो मला पाठवला, चौघांनीही खाली ‘एकदम पटलं’ लिहून. सार असं: कल्पित जगात जादू खरी असेल तर श्रद्धेला तिथे कामच उरत नाही, देव समोर उभा असताना विश्वास कसला ठेवायचा? पुढे त्याची पिल्लं: जादू आणि धर्म यांचं वैर हवंच, जादूला नियम असतात, श्रद्धेला नसतात, दोन धर्मांची जादू एकाच जगात खरी असू शकत नाही, आणि भक्त जितके जास्त तितका देव बलवान.

मला यातलं एकही पटलेलं नाही.

मुळातली चूक अशी की लिहिणारा ‘श्रद्धा’ म्हणजे ‘देव आहे, असं मत’ धरून चालतो. आमच्या वाड्यावर राखणदार, म्हणजे गावाची हद्द राखणारा देव, आहे की नाही यावर वाद झालेला मी ऐकलेला नाही. वाद होतो तो त्याच्या नैवेद्याचा रोट वेळेवर पोचला का, आणि पोचूनही तो रागावला असेल तर का, यावर.

एकदा आत्याला कुळागराचा, म्हणजे पोफळीच्या बागेचा, एक तुकडा विकायचा होता, म्हणून ती देवाला कौल लावायला गेली. मी आणि धाकटे काका सोबत. पुजाऱ्याने गाऱ्हाणं घातलं, ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या आणि पंखा बंद केला. वाऱ्याने पाकळी पडली असं उद्या कुणी म्हणायला नको. घाम पुसत आम्ही अर्धा तास बसलो. शेवटी डावीकडची एक पाकळी सुटली, घसरत मूर्तीच्या कोपराशी आली आणि तिथेच अडकली. पुजारी म्हणाला, “डावा, म्हणजे नको.” आत्या म्हणाली, “पडली कुठे? अडकलीय.” काकांनी तिसरंच काढलं: “तू ‘विकू का’ विचारलंस, की ‘यंदा विकू का’?” देव बोलला, याबद्दल तिघांनाही तिळभर शंका नव्हती. तरी गाडीत घरापर्यंत भांडण. आत्या पुढच्या महिन्यात पुन्हा गेली, प्रश्न नीट बांधून.

ज्या जगात देव खरंच उत्तर देतो तिथली गोष्ट ही अशी असेल. उत्तर आलं, त्याचा अर्थ कोण लावणार? ते सोसवलं नाही तर काय करणार? ‘देव दिसला, प्रश्न मिटला’ असं लिहिणाऱ्याने घरातल्या माणसांकडे तरी पाहावं. आई समोर दिसते म्हणून तिच्यावर भरवसा ठेवायची गरज संपते का?

वैराचा मुद्दा. वैर असतं, पण रेघ कोण ओढतो ते बघा. गोव्यात पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० साली आलं. त्याच्या १७३६च्या जाहीरनाम्याने बाटलेल्या लोकांना काय काय मना केलं? अंगणात तुळस लावणं. लग्नकार्यात विडा-सुपारी पाठवणं. भात मिठाशिवाय शिजवणं! चुलीवरचा अळणी भात गुन्ह्यात जमा झाला, कारण हुकूम काढणाऱ्याच्या हाती सत्ता होती. तुमच्या कल्पित राज्यात मांत्रिक आणि पुरोहित एकमेकांवर मंत्र फेकत बसण्यापेक्षा, एखादी बाई दार लावून बिनमिठाचा भात शिजवतेय आणि कुणी येऊन चाखून बघेल म्हणून घाबरतेय, हे मला जास्त वाचत ठेवील.

श्रद्धेला नियम नसतात म्हणणाऱ्याने वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावला जावं. तिथल्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, आधी काही दिवस व्रत पाळतात, सोवळ्याने राहतात, स्नान करतात, आणि हातात वेताची काठी घेऊन पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. पोळलं तर व्रतात उणं राहिलं, असं लोक म्हणतात. किंमत आहे, अट आहे, चुकल्यास शिक्षा आहे. जादूची आणखी कसली ‘सिस्टीम’ हवी? (कोळसा उष्णतेचा मंद वाहक आहे आणि पाऊल क्षणभरच टेकतं, हे मी एका धोंडाला सांगून पाहिलंय. तो म्हणाला, “मग तू ये की पुढच्या वर्षी.” मी गेलो नाही.)

दोन धर्म, एक जादू: याला म्हापसा पुरे. तिथल्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, ही लईराईची बहीण, असं लोक मानतात. फेस्ताला हिंदू तिला तेल घालायला रांगेत उभे राहतात. पुढे.

भक्तसंख्येचा नियम तर मला हिशेबवहीतला वाटतो. राखणदाराचं बळ डोक्यांवर मोजत नाहीत. ते शिमेवर मोजतात. या ओढ्यापासून त्या वडापर्यंत त्याची सत्ता, पलीकडे तो कुणीच नाही. आणि इथेच मला खरी कादंबरी दिसते. १५६०च्या सुमारास देव मंगेश कुठ्ठाळीहून जुवारी नदी ओलांडून फोंड्यातल्या प्रियोळला गेला, कारण फोंड्याचा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांकडे नसून आदिलशाहीत होता. देव गेला, त्याच्यासोबत माणसं गेली. शीम काही पालखीत घालून नेता येत नाही. मग मागे राहिलेल्या राखणदाराचं काय? त्याला रोट कोण घालतं? आणि घालणाऱ्याचं नाव आता बाटून पेद्रू झालं असेल, तर हाक तो कुठल्या नावाने मारतो, आणि राखणदार त्याला आवाजावरून ओळखतो का?

चौघांपैकी कुणी हे लिहायला घेतलं तर पहिला खर्डा मला पाठवा.