'कर्मणी टाळा' हा नियम मराठी कथेला लावू नका

नव्या कथाकारांसाठीचा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यात तीन नियम आहेत: कर्मणी प्रयोग टाळा, कारण त्याने वाक्य मरतं; कर्ता लपवू नका; अख्खी कथा एकाच काळात लिहा, शक्यतो भूतकाळात.

आधी कर्मणीचं बघू. 'सुमनने पत्र फाडलं.' या वाक्यात मेलेलं काय आहे? हा कर्मणी प्रयोगच आहे. क्रियापद सुमनच्या नाही, कर्माच्या मागे जातं: पत्र फाडलं, चिठ्ठी फाडली, कागद फाडला. सकर्मक क्रियापद साध्या भूतकाळात आलं की मराठीत बहुतेक वेळा कर्मणी होतो, नाहीतर भावे, म्हणजे क्रियापद कर्ता किंवा कर्म कुणाच्याच मागे जात नाही. 'ती पाणी प्याली', 'तो धडा शिकला' असे अपवाद मोजकेच. मग भूतकाळात लिहायचं आणि कर्मणीही टाळायचा, हे जमायचं कसं? नियम इंग्रजीतला आहे. इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली तो सांगितला, तोही मुख्यतः राजकीय गद्याकडे बघून. त्यांचं 'पॅसिव्ह' म्हणजे आपलं 'पत्र फाडलं गेलं', 'चौकशी करण्यात आली'. ही सरकारी वळणं कथेत मलाही खुपतात. पण मग तेवढंच सांगा, सगळ्या कर्मणीला कशाला बदनाम करता? 'आजी जिना चढू शकत नाही' ही नुसती माहिती झाली. 'आजीच्याने आता जिना चढवत नाही' म्हटलं की गुडघे दुखायला लागतात.

कर्ता लपवण्याबद्दल थोडंच. 'रात्री म्हादबाला उचललं.' कोणी, ते वाक्यात नाही. गावाला ठाऊक आहे, पण नाव घ्यायची कुणाची छाती नाही. कर्ता घातलात तर ती भीतीच जाईल. आणि 'उजाडलं', 'सांजावलं' यांना कर्ता कुठून आणणार?

राहिला काळ. 'दार ढकललं, आत गेलो, बघतो तर काय, चूल विझलेली आणि आई कुठेच नाही.' भूतकाळातून वर्तमानात येणारं हे 'बघतो तर' घरोघरी गोष्ट सांगताना येतं. काळ नकळत घसरला तर वाचक गोंधळतो, हे खरं. तो दोष जरूर काढावा. पण हे वाचा: 'अण्णा पहाटे उठायचे, विहिरीवर जायचे, येताना जास्वंद तोडून आणायचे. त्या दिवशी अण्णा उठले नाहीत.' 'उठायचे'वरून 'उठले नाहीत'वर येताना छातीत जे धस्स होतं, ते काळ बदलल्यामुळेच.