फ्रिजमधली महिनाभराची अंडी डब्यात घालू नका

परसातल्या कोंबड्यांच्या ग्रुपवर घरच्या घरी अंडी उबवून पिल्ली काढायचा एक मेसेज सारखा फिरतोय. थर्मोकोलचा डबा घ्या, बल्ब लावा, कोपऱ्यात पाण्याची वाटी ठेवा. अंडी महिनाभर फ्रिजमध्ये जमवा, स्वच्छ धुवा, टोकदार तेवढी बाजूला काढा, त्यांतून कोंबडेच निघतात. एकविसाव्या दिवशी जे पिल्लू बाहेर येत नाही त्याचं कवच सोलून काढा. पिल्ली शंभर टक्के!

कोल्हापूर भागात दहा-पंधरा कोंबड्या सांभाळणाऱ्या बायका हे वाचून घरची अंडी डब्यात घालतात. अंडी वाया जातात आणि बोल कोंबडीला लागतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहावं लागतंय.

डब्याबद्दल तक्रार नाही. चांगला थर्मोस्टॅट आणि छोटा पंखा असला, ३७.५ अंश तापमान टिकलं, तर थर्मोकोलच्या डब्यातूनही उत्तम पिल्ली निघतात. खरा घात होतो तो अंडी डब्यात जायच्या आधी.

फलित अंडं घातलं जातं तेव्हाच त्यात जीव धरलेला असतो. कोंबडीच्या पोटात अंडं साधारण दिवसभर असतं. तेवढ्यात बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्यात हजारो पेशी तयार होतात. अंडं बाहेर पडून गार झालं, वीस-एकवीस अंशांच्या खाली गेलं, की वाढ थांबते आणि जीव तसाच टिकून राहतो. पण फ्रिजमधल्या चार-पाच अंशांच्या गारठ्यात तो दिवसेंदिवस क्षीण होत जातो. खायच्या अंड्याला फ्रिज उत्तम. उबवायच्या अंड्याला १५ ते १८ अंश हवेत, आणि तेही आठवडाभरच. सात दिवसांनंतर रोज पिल्लांचं प्रमाण घटत जातं. महिन्याच्या अंड्यांवर आशा ठेवू नये.

फ्रिज नको म्हणून एप्रिल-मेमध्ये अंडी फडताळात ठेवली, तरी तेवढंच नुकसान. दुपारी खोली पस्तिशीला जाते, जीव वाढायला लागतो. रात्री थोडं गार झालं की अडखळतो. असं चार दिवस झालं की तो मरतो. डब्यात घातल्यापासून आठव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघा: जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतात, मेलेल्यात नुसतं रक्ताचं एक कडं. त्यापेक्षा ओल्या वाळूत मडकं रोवा, तोंडावर ओलं फडकं टाका, अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवा आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख घाला. डब्यात घालायच्या आधी काही तास बाहेर राहू द्या, नाहीतर गार अंड्याला घाम सुटतो आणि त्या ओलीतून जंतू आत शिरतात.

धुण्याचंही तेच. कवचाला हजारो छिद्रं असतात आणि वरून एक पातळ थर असतो, तो जंतूंना अडवतो. धुतलं की तो थर गेला. घाण लागलेलं अंडं भाजीत घाला, उबवायला स्वच्छ तेवढीच निवडा.

टोकदार अंड्यातून कोंबडा, हे पिढ्यानपिढ्या ऐकू येतं. पण नर की मादी हे कोंबडीकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, आणि तेही कवच चढायच्या कितीतरी आधी. शिवाय एका कोंबडीची अंडी बहुधा एकाच घडणीची असतात. मग जी कायम टोकदार अंडी घालते तिला तलंग, म्हणजे मादी, कधी व्हायलाच नको होती. वेडीवाकडी, फार लांबुळकी अंडी जरूर काढा, ती कमी उबतात म्हणून.

पाण्याची वाटी मात्र आपल्याकडे फार जपून. अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण बारा टक्क्यांनी उतरायला हवं, म्हणजे ५० ग्रॅमचं अंडं ४४ वर यायला हवं. मार्चच्या कोरड्या हवेत वाटी लागते. जुलैत, त्यातून गगनबावडा-राधानगरीकडच्या दमट हवेत, तीच वाटी पिल्लाचा जीव घेते. न फुटलेलं अंडं उघडून बघा: पिसांसकट पूर्ण वाढलेलं पिल्लू, सगळं ओलंचिंब, आणि रुंद टोकाची हवेची पोकळी एवढीशी. त्याला श्वासच घेता आलेला नसतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढ्यानं हे टळतं. पहिले अठरा दिवस अंडी फिरवत राहा आणि आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा, नंतर फिरवणं बंद आणि आर्द्रता ६५ ते ७०.

दुकानातली पोल्ट्रीची अंडी तर लावूच नका. पिंजऱ्यातल्या त्या कोंबड्यांत कोंबडाच नसतो.

राहिला सोलण्याचा सल्ला. पहिली चीर पडल्यावर पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास घेतं. त्या वेळात ते आतल्या पडद्यातलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. तेव्हा कवच सोललं तर शिरा फाटतात आणि धडधाकट पिल्लू रक्त जाऊन मरतं. झाकणही उघडू नका, ओल गेली की पडदा वाळून पिल्लाला आवळतो. आधी निघालेली पिल्ली वाळून फुलेपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज निभावतात, दाणापाण्याची घाई नसते.