हृदयाला आधार देणारे जेल गोळ्यांची जागा घेत नाही

सध्या एक संदेश मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. शास्त्रज्ञांनी सागरी शैवालापासून एक जेल तयार केले असून त्याच्या एका इंजेक्शनने हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला हृदयाचा स्नायू तीन महिन्यांत पुन्हा जिवंत होतो, त्यामुळे गोळ्या कायमच्या बंद करता येतात, असे त्यात म्हटले आहे. जेल नैसर्गिक असल्याने दुष्परिणाम शून्य आहेत, हातापायांचे झिजलेले स्नायूही त्याने नवे होतात आणि औषध कंपन्या हे सारे दडवून ठेवत आहेत, अशी पुस्तीही त्याला जोडलेली आहे. माझ्या मामांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला आहे. संदेश वाचून त्यांनी मला विचारले, "मग मी या गोळ्या कशाला घेत बसू?" त्यांनी निदान विचारले तरी, कोणालाही न विचारता गोळ्या थांबवणारे या संदेशाच्या वाचकांत असणारच, आणि ज्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला आहे त्यांनी रक्त गोठू न देणारी गोळी मनाने थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून गोळ्यांच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो.

झटक्यात रक्तपुरवठा तुटलेल्या भागातील पेशी मरतात आणि तेथे व्रणाची ऊती तयार होते, जी आकुंचन पावत नाही. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत त्या ठिकाणी पातळ होऊन ताणली जाते आणि कप्पा हळूहळू फुगतो. भिंतीवरचा ताण आतल्या दाबाबरोबर आणि कप्प्याच्या त्रिज्येबरोबर वाढतो व भिंतीच्या जाडीबरोबर घटतो. म्हणजे कप्पा जितका फुगेल आणि भिंत जितकी पातळ होईल, तितका ताण वाढेल आणि वाढलेल्या ताणाने कप्पा आणखी फुगेल. संदेशातले जेल अल्जिनेट या सागरी शैवालातील पदार्थाचे असते आणि ते हे चक्र तोडण्यासाठी आहे. ते भिंतीत टोचले की भिंत जाड होते आणि ताण वाटला जातो. हा निव्वळ यांत्रिक आधार आहे. त्या जेलमध्ये नवा स्नायू घडवणारे काहीही नसते आणि हृदयाकडे स्वतःकडेही तशी क्षमता नगण्यच असते. अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनच्या आधारे २००९ मध्ये झालेल्या मोजणीनुसार पंचविशीत हृदयस्नायूच्या सुमारे एक टक्का पेशी वर्षभरात नव्या होतात आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. "तीन महिन्यांत जिवंत" हा शब्दप्रयोग लिहिणाऱ्याने हा हिशेब एकदाही पाहिलेला नाही.

आता मामांच्या प्रश्नाचे उत्तर. भिंतीवरचा ताण कमी करण्याचे जे काम जेलकडून अपेक्षित आहे, तेच काम त्यांच्या गोळ्यांपैकी एक आधीपासून करते. एसीई इनहिबिटर गटातील औषधे रक्तवाहिन्या सैल करतात, त्यामुळे हृदयाला कमी दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते आणि कप्प्याचे फुगणे मंदावते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या चाचणीत, झटक्यानंतर हृदयाची क्षमता घटलेल्या २,२३१ रुग्णांना कॅप्टोप्रिल किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. सरासरी साडेतीन वर्षांत निष्क्रिय गोळीच्या गटातील २५ टक्के, तर कॅप्टोप्रिलच्या गटातील २० टक्के रुग्ण दगावले. या फरकातली माणसे खरी आहेत. याउलट, अल्जिनेटचे द्रावण झटक्यानंतर काही दिवसांत रक्तवाहिनीतून सोडून पाहिले गेले. प्राण्यांमध्ये परिणाम आशादायक होते. पण 'प्रिझर्व्हेशन-१' या ३०३ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर कप्प्याच्या फुगण्यात ते द्रावण मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत फरक आढळला नाही. ज्या गोळीच्या पाठीशी माणसांवरचा पुरावा आहे ती सोडून, ज्या इंजेक्शनचा तोच अपेक्षित परिणाम माणसांत दिसला नाही त्याची वाट पाहायला सांगणे हा सरळसरळ धोका आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. जेलची कल्पना पोकळ नाही. 'ऑगमेंट-एचएफ' या ७८ रुग्णांच्या चाचणीत छातीवर छोटी शस्त्रक्रिया करून जेल थेट भिंतीत टोचले होते आणि त्या रुग्णांची चालण्याची व श्रम करण्याची क्षमता सुधारली. परंतु तेथेही जेल गोळ्यांच्या जोडीला दिले होते, गोळ्यांऐवजी नव्हे. आणि शस्त्रक्रिया झालेल्या ३५ जणांपैकी तिघे पहिल्या तीस दिवसांत दगावले. ही अर्धवट बातमी पूर्ण सांगितली असती तर संदेश पुढे पाठवावासा कोणालाही वाटला नसता.

"नैसर्गिक, म्हणून दुष्परिणाम शून्य" हे विधानही टिकत नाही. पदार्थ जैवसुसंगत असणे म्हणजे त्याने ठरावीक जागी ठरावीक काम करताना शरीराकडून योग्य प्रतिसाद मिळवणे. एका जागी चालणारा पदार्थ दुसऱ्या जागी घातक ठरू शकतो. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडते. जेलप्रमाणेच आधारासाठी त्यावर पट्टी बसवली आणि ती फार कडक असेल तर ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत कप्पा नीट भरत नाही, फार मऊ असेल तर ती भार घेतच नाही, आणि शरीराने तिला परकी मानून भोवती तंतूंचे वेष्टन घातले तर मूळचा मऊपणाही निरर्थक ठरतो. ठोके चालवणाऱ्या विद्युत संवेगांच्या वाटेत अडथळा आला तर ठोक्यांची लय बिघडण्याची भीती असते. हृदयाभोवती पॉलिएस्टरची जाळी बसवण्याचा प्रयोगही झाला होता. त्याने हृदयाचा आकार घटला, तरीही अमेरिकेच्या नियामकाने मान्यता दिली नाही, कारण केवळ आकार घटणे पुरेसे नसते.

हातापायांच्या स्नायूंबाबत संदेशाने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. त्या स्नायूंमध्ये दुरुस्ती करणाऱ्या उपग्रह पेशी असतात, त्यामुळे तेथे आशेला जागा अधिक आहे. डुकराच्या मूत्राशयातील पेशी काढून उरलेला सांगाडा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच जणांच्या स्नायूंत बसवला होता आणि त्यांपैकी तिघांची ताकद वाढली. पण हे दुखापतीत स्नायूचा मोठा तुकडाच गमावलेले रुग्ण होते, आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच व्यायाम सुरू करणे हा उपचाराचाच भाग होता. वयाने झिजलेल्या मांड्यांशी याचा संबंध नाही.

आणि दडवण्याबद्दल एवढेच: 'प्रिझर्व्हेशन-१' ही चाचणी जेल विकसित करणाऱ्या कंपनीनेच करवून घेतली होती, आणि तिचे अपयश २०१६ मध्ये हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आले.