टाळी, खाली, टाळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

'प्राथमिक शाळेत गाणं' या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "चौथीच्या पोरांना धड वाचता येईना, आणि तुम्ही त्यांच्या हातात टाळ देताय. गाण्यानं भाषा सुधारते याला पुरावा काय? उगीच हौस." हौस तर आहेच.

आधी पुराव्याचं. 'संगीतानं बुद्धी वाढते' हे लेखातलं वाक्य मागे घेतो. साला आणि गोबे या संशोधकांनी २०२० साली ५४ अभ्यास, म्हणजे जवळजवळ ७ हजार मुलं, एकत्र तपासली. गाण्याऐवजी दुसरं काही शिकवलेल्या मुलांशी तुलना केली, की बुद्धीतला आणि गुणांतला फरक उरतच नाही म्हणायचा. दुसरीकडे, पोर्तुगालमधल्या ८ वर्षांच्या ३२ मुलांवरचा २००९ चा अभ्यास आहे. काहींना सहा महिने संगीत शिकवलं, काहींना चित्रकला. संगीतवाल्यांचं वाचन सुधारलं, बोलण्यातले चढउतारही त्यांना जास्त नीट कळू लागले. पण ३२ च मुलं. त्या जोरावर मी तुमच्याशी भांडणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की लयीनं कान तयार होतो. आणि आपल्या सीमाभागात पोरांच्या कानाला दुप्पट काम.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या मराठी शाळेत शिकवायला होतो. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. मराठीत तो भेदच नाही. 'बेळे' तोकडं म्हटलं तर पीक, 'बेऽळे' असं लांबवलं तर डाळ. आमचं पोरगं शेतातलं पीक वाचताना डाळ वाचायचं, वर्ग हसायचा, आणि मग ते पोरगं कन्नडच्या तासाला तोंडच उघडायचं नाही. दहादा लिहून घेतलं. कन्नड लिपीत दीर्घाची खूण वेगळी असते, ती पोरांना दिसत होती. ऐकू येत नव्हती.

एकदा भजनात झांज वाजवणाऱ्या मुलाला पुढं बोलावलं आणि म्हटलं, हे दोन्ही शब्द हातावर धर. 'बेळे'ला त्यानं दोन टाळ्या दिल्या. 'बेऽळे'ला टाळी, खाली (म्हणजे आवाज न करता हात नुसता हवेत), टाळी. म्हणाला, "सर, ह्यात एक मात्रा जास्त हाय." मला हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. पुढं सगळा वर्ग शब्द असेच धरू लागला आणि वाचताना स्वतःच अडखळून मागे येऊ लागला.

सगळीकडे हे चाललं नाही. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांचा 'चार' आणि 'चारा' यांतला च एकच यायचा, तिथं टाळ्या वाजवून काही झालं नाही. ते काम जिभेचं.

'कुमार गंधर्व सुळेभावीचे म्हणून प्रत्येक पोरगं गाणार काय?' हा तुमचा टोला आवडला. नाही गाणार. गायक घडवायचेच नाहीत.

राहिला वेळेचा आणि पैशाचा प्रश्न. वेगळा तास नको, कन्नडच्या तासाची पहिली दहा मिनिटं पुरतात. आणि टाळ मी कुणाच्या हातात दिलेच नाहीत. लेखावरचा फोटो आमच्या गावच्या सप्त्यातला आहे, शाळेतला नाही. तेवढं खाली लिहायचं राहून गेलं.